दहा टक्के

पेशींवरच्या एखाद्या शोधनिबंधातला 'पद्धती' हा भाग उघडा. माध्यमाच्या वर्णनात बहुतेकदा 'दहा टक्के एफबीएस' असं सापडतं. म्हणजे फीटल बोव्हाइन सीरम. कत्तलखान्यात गाभण गाय कापली की पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात, ते गोठलं की द्रव वेगळा करतात. तोच हा. वाढीला लागणारे घटक त्यात भरपूर, प्रतिपिंडं कमी. पेशी त्यावर छान पोसल्या जातात.

रसेल आणि बर्च यांनी 1959 साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी पर्याय, कपात आणि सुधारणा ही त्रिसूत्री मांडली. उंदराऐवजी पेशी वापरल्या की 'पर्याय' साधला, असं आपण धरून चालतो. पिंजऱ्यातला उंदीर मोजला जातो, त्याच्यासाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज करावा लागतो. बाटलीतलं वासरू मात्र रसायनांच्या खरेदीत जातं.

'गाय तशीही कापलीच जाणार होती,' हे ठरलेलं उत्तर. खोटं नाही, ती मांसासाठीच कापली जाते. पण सीरम चांगलंच महाग असतं, आणि ज्याचे एवढे पैसे मोजायचे त्याला टाकाऊ म्हणणं मला पटत नाही. त्या वासराला वेदना होते का, हे तर या उत्तरात येतच नाही.

सीरमविरहित माध्यमं मिळतात. पण पेशींना त्यांची सवय लावावी लागते, शिवाय जुन्या निकालांशी तुलना बिघडते, म्हणतात. गंमत अशी, की सीरमचाही प्रत्येक लॉट वेगळा निघतो. म्हणून तर प्रयोगशाळा आधी नमुने मागवून पाहतात आणि पसंत पडलेल्या लॉटच्या बाटल्या वर्षभराच्या बेगमीनं फ्रीझरमध्ये भरून ठेवतात.