परका कशावरून?

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोम्त याने 1835 मध्ये लिहून ठेवले की ताऱ्यांची अंतरे, आकार आणि गती आपल्याला मोजता येतील, पण ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे कधीच कळणार नाही. कोम्त 1857 मध्ये वारला आणि दोन-तीन वर्षांतच हायडेलबर्गला किरखॉफ आणि बुन्सेन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा ठरलेल्या असतात. 1864 मध्ये इटलीच्या दोनातीने धूमकेतूचा वर्णपट पाहिला. 1868 मध्ये लंडनच्या हगिन्सने धूमकेतूच्या वर्णपटातले पट्टे प्रयोगशाळेतल्या वायूच्या पट्ट्यांशी ताडले आणि तिथे कार्बन असल्याचे सांगितले. कोम्त चुकला, यात वाद नाही. पण आता दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेल्या धूमकेतूंचे वर्णपट हाती आल्यावर वाटते, की ‘हा कशाचा?’ हा प्रश्न त्याने मानला त्याहून पुष्कळ सोपा होता आणि ‘हा कुठला?’ हा प्रश्न आपण मानतो त्याहून पुष्कळ अवघड आहे.

सूर्यमालेबाहेरून आलेले तीन पाहुणे आपल्याला ठाऊक झाले आहेत: 2017 मधला ओमुआमुआ, ऑगस्ट 2019 मध्ये क्रायमियातल्या गेन्नादी बोरिसोव्हने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधलेला धूमकेतू आणि 1 जुलै 2025 रोजी चिलीतल्या दुर्बिणीला दिसलेला ॲटलास. तिघेही परके ठरले ते केवळ वाटेवरून. सूर्याला बांधलेली वस्तू लंबवर्तुळात फिरते. यांच्या कक्षा ठसठशीत अपास्त आहेत, एकदा येऊन कायमच्या निघून जाणाऱ्या. सूर्याने ओढून वेग वाढवण्याआधीच ॲटलास सेकंदाला सुमारे 58 किलोमीटर वेगाने येत होता. थोड्या दिवसांच्या निरीक्षणांतून गणिताने हा निकाल दिला. त्यात रसायनाची साक्ष कुणी काढलीच नव्हती.

ती काढली गेली नंतर, आणि ही साक्ष कशी मिळते हे नीट समजून घ्यायला हवे. धूमकेतूचा बर्फाळ गाभा आपल्याला दिसत नाही. ऊन लागले की त्यातल्या बर्फाचा थेट वायू होतो. तो वायू सूर्यप्रकाश शोषतो आणि आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीला परत सोडतो. बरेचदा मूळ रेणू तोवर तुटलेलाही असतो. वर्णपटात जांभळ्या टोकाला 388 नॅनोमीटरजवळ चमकणारा सायनोजेन हा असाच एखाद्या मोठ्या रेणूचा तुकडा. म्हणजे जिन्यात आलेल्या वासावरून शेजारी काय शिजते आहे ते ओळखण्यासारखे हे काम. फोडणी कळते, फडताळातल्या डब्यांत काय आहे ते कळत नाही. ओमुआमुआभोवती तर वायू दिसलाच नाही, म्हणून तो नेमका कशाचा होता यावर अजून वाद आहे.

बोरिसोव्हचा धूमकेतू बोलका निघाला. 20 सप्टेंबर 2019 रोजी ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्यात सायनोजेन टिपला, आपल्या धूमकेतूंत नेहमी भेटणारा. हबल दुर्बिणीला मात्र त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर आढळला. पाण्याच्या तुलनेत त्याचे प्रमाण सूर्यमालेच्या आतल्या भागात तपासलेल्या कोणत्याही धूमकेतूच्या तिपटीहून जास्त होते. कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ अतिशय कडक थंडीतच टिकतो, तेव्हा हा त्याच्या मूळ ताऱ्यापासून फार दूर जन्मला असावा, असा तर्क निघाला.

ॲटलासचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. 6 ऑगस्ट 2025 रोजी वेब दुर्बिणीने त्याचा अवरक्त वर्णपट घेतला, तेव्हा कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या सुमारे आठपट भरला. आपल्याकडे सहसा पाणीच वरचढ असते. हा मूळचाच वेगळा, असे म्हणायचा मोह होतो. पण त्या दिवशी तो सूर्यापासून पृथ्वीच्या सव्वातीनपट अंतरावर होता. इतक्या थंडीत पाण्याचा बर्फ आळसावलेलाच असतो, कार्बन डायऑक्साइड सहज उडतो. बोरिसोव्हच्या बाबतीतही सूर्यापासून दूर जाताना पाणी झपाट्याने घटले आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच राहिला. गुणोत्तर बदलले ते गाभा बदलल्यामुळे नव्हे. शिवाय एक शक्यता अशी, की अब्जावधी वर्षे विश्वकिरणांचा मारा सोसून पृष्ठभागाजवळच्या थराचे रसायनच पालटले असेल. मग आपल्याला दिसते ते जन्मस्थानाचे द्रव्य नव्हे, प्रवासात तयार झालेली साल. जन्म, प्रवास आणि आपण पाहिले तो क्षण, तिन्ही एकाच आकड्यात मिसळलेले असतात. वर्णपट तो आकडा अचूक देतो, त्याची फोड करून देत नाही.

आणि विचित्रपणा हा परकेपणाचा पुरावा तरी कुठे आहे? 1986 मध्ये सापडलेला माखहोल्झ धूमकेतू दर सव्वापाच वर्षांनी सूर्याला फेरी घालतो. त्यात सायनोजेन नेहमीच्या धूमकेतूंहून सत्तरेक पट कमी निघाला, तेव्हा तो मूळचा दुसऱ्या ताऱ्याचा तर नव्हे, अशी एक शंका पुढे आली. ती सिद्ध झालेली नाही. 2016 मध्ये सापडलेल्या एका पॅनस्टार्स धूमकेतूत पाणी अगदी थोडे आणि कार्बन मोनॉक्साइड उदंड होता. तो आपल्याच सूर्यमालेतला. उलट बोरिसोव्हभोवती निकेलची वाफ सापडली, तशीच ती आपल्याकडच्या कितीतरी धूमकेतूंत आढळली. घरचे काही परक्यासारखे, परके काही घरच्यासारखे.

याचा अर्थ वर्णपटाने फसवले असा नाही. त्याने एक मोठी गोष्ट पक्की केली: दुसऱ्या ताऱ्यांच्या अंगणातही हेच कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हेच निकेल. द्रव्य सामायिक, फरक प्रमाणाचा. मात्र प्रमाण ‘जास्त’ किंवा ‘कमी’ ठरवताना पट्टी आपण घरचीच वापरतो, आणि एका ताऱ्याभोवतीचे धूमकेतू म्हणजे दीर्घिकेची सरासरी नव्हे. चिलीतली रुबिन वेधशाळा असे आणखी पाहुणे शोधेल अशी आशा आहे. एकेकाला वाटेवर ठिकठिकाणी, जाताना-येताना तपासले, तर प्रवासाचा आणि उन्हाचा वाटा वजा करता येईल. तोवर ‘हा धूमकेतू विचित्र आहे’ या वाक्यात धूमकेतूबद्दल जेवढी माहिती असते, जवळजवळ तेवढीच आपल्या पट्टीच्या आखूडपणाबद्दलही असते. ते वाक्य त्या सावधपणानेच वाचायला हवे.