गळ, बूच आणि मर्यादित अहिंसा

गळाने मासे धरण्याच्या साधनांची निवड हा धर्मविचाराचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नाला पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात थेट आधार सापडतो. अहिंसादी यम जाती, देश, काल आणि समय (म्हणजे स्वतःवर घालून घेतलेला नियम) यांनी मर्यादित नसतील तेव्हाच ते महाव्रत ठरतात, असे दुसऱ्या पादातील ३१वे सूत्र सांगते. आणि मर्यादित अहिंसा समजावताना भाष्यकार पहिलेच उदाहरण घेतात ते माशांखेरीज अन्य कशाचीही हिंसा न करणाऱ्या मासेमाराचे. ही अहिंसा अपुरी असली तरी भाष्यकारांनी तिला ढोंग म्हटलेले नाही, आणि पुढचा सगळा विचार या उदारतेवरच उभा राहतो.

गुजरातमधील पादरा तालुक्याच्या कडेने, आणंद जिल्ह्याच्या सीमेवरून, मही नदी खंभातच्या आखाताकडे जाते. अशा मोठ्या नदीच्या खोल डोहात काठीच्या लांबीहून खाली आमिष सोडायचे असेल, तर दोरीला पक्के बांधलेले बूच, म्हणजेच फ्लोट, निरुपयोगी ठरते. तेथे दोरीवर सरकणारे बूच आणि त्याला हव्या त्या खोलीवर अडवणारी बारीक गाठ लागते. बेटकास्टिंग रीलमध्ये दोरी गुंडाळलेले रीळ फेकीच्या वेळी स्वतः फिरते आणि त्याच्या गतीवर अंगठ्याचा ताबा असतो, त्यामुळे बूच प्रवाहाबरोबर वाहत असताना दोरी बेताबेताने सोडता येते. मात्र अंगठा चुकला की रीळ दोरीच्या पुढे धावते आणि गुंता होतो. अशी अडकलेली दोरी ऐन ओढीत तुटली, तर गळ आणि शिसे तोंडात घेऊन मासा निघून जातो. हिंसेचा हेतू नव्हता, ही सबब येथे फार पुरत नाही, कारण प्रमाद साधनातूनच घडलेला असतो.

छंद म्हणून मासे धरून सोडून देणाऱ्याला मासेमाराची सवलत मागता येत नाही. त्याच्यामागे उपजीविका नाही, आणि जो मासा तो खाणार नाही त्यालाच तो वेदना देतो. त्याच्या पदरी उरतो तो केवळ समय. बारीक दोरीने मोठा मासा दमवणे हे कौशल्य मानले जाते, त्यातून माशाला निसटण्याची संधी मिळते असेही म्हटले जाते. प्रत्यक्षात झुंज जितकी लांबते तितके लॅक्टिक आम्ल त्याच्या स्नायूंत साचते, आणि पोहून गेलेला मासाही नंतर दगावू शकतो. म्हणून जाड दोरी, घट्ट लावलेला ड्रॅग (दोरी सुटण्याला विरोध करणारी रिळातील चकत्यांची रचना) आणि उलटा काटा नसलेला गळ हीच सौम्य साधने होत, जरी त्यांत शौर्य कमी दिसले तरी. हिंसेचे मृदू, मध्य आणि तीव्र असे भेद करणाऱ्या ३४व्या सूत्राला हा तारतम्यभाव परका वाटला नसता.

भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूत माशाला गुरू मानतो, कारण जिभेच्या लोभाने तो गळाला लागतो. संत एकनाथांच्या टीकेमुळे हा गुरू मराठी घरांत ओळखीचा आहे. परंतु काठावर बसलेल्याचीही एक रसना असतेच: रोहू आमिष चोखू लागताच बूच आधी किंचित थरथरते, मग तिरके सरकते, आणि त्या थरथरीचीच त्याला चटक लागलेली असते. ती चटक त्याने ओळखली आहे की नाही, हे मासा हाती आल्यावर कळते: तो हात आधी पाण्यात भिजवतो काय, की कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून टाकतो, आणि कल्ले पुन्हा संथ हलेपर्यंत त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवतो काय.