गोळी देताना अक्कल कुठं ठेवली होतीस?

'सर, मेडिकलवाल्यानं दिली,' हे मला सांगू नकोस. त्यानं दिली, तू घेतलीस. मांजरीच्या पोटात घातली कुणी? दुधात कालवून दिलीस, ती पिऊन संपवेपर्यंत उकिडवा बसून राहिलास. मग पाकीट उलटं करून वाचायला काय झालं होतं? लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनिल एस्ट्रॅडिऑल, म्हणजे बायकांची गर्भनिरोधक गोळी. बाईमाणसाच्या अंगमानानं ठरवलेला डोस तीन किलोच्या जिवाला!

आणि हे करणारा कोण? कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फाउंड्रीत क्वालिटीला असलेला पोरगा. कास्टिंगमध्ये ब्लोहोल दिसला की वाळूतला ओलावा बघतोस, मेटलचं तापमान बघतोस, हीट नंबर काढतोस. पाच वेळा 'का' विचारल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाहीस. लॉट अडवताना मॅनेजरच्या बापाला भीत नाहीस. अन् कँटीनमागची मांजर रात्रभर ओरडते, तर एकदाही 'का' सुचला नाही?

विचारलं असतंस तर कळलं असतं. मांजरीचा माज उजेडावर चालतो. दिवसाला बारा-चौदा तास उजेड मिळाला की ती माजावर येते. तुमच्या शेडचे दिवे तिन्ही पाळ्यांत विझत नाहीत, तिला सुट्टी मिळणार कधी? बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माज. दर खेपेला एस्ट्रोजेन चढतं, गर्भाशयाचं अस्तर वाढतं. बोका भेटला तर त्या संगानंच स्त्रीबीज सुटतं, आणि पिल्लं राहिली नाहीत तरी सुमारे चाळीस दिवस प्रोजेस्टेरॉनचा अंमल. अस्तरातल्या ग्रंथी फुगतात, स्राव साचतो, गर्भाशयाचं तोंड मिटतं, तिथली प्रतिकारशक्ती ढिली पडते. ई. कोलाय जंतूला आयतं घर मिळतं. या सगळ्यावर तू बाहेरून तसलीच संप्रेरकं महिनोन् महिने ओतलीस. गर्भाशयाला उसंतच दिली नाहीस.

यातलं नवीन काय आहे तुला? बारावीला प्रोजेस्टेरॉनचं काम लिहून मार्क घेतलेस की. ढ असतास तर मी एवढा घसा कोरडा केला नसता.

'पण ओरडणं थांबलं ना, सर.' थांबलं. तुझी झोप झाली, तिचं गर्भाशय गेलं.

स्राव दिसला नाही म्हणतोस. मांजर चाटून साफ करते, त्यामुळं नसेलही दिसला, ते धरतो. पण ती दिवसभर पोत्यावर निपचित पडून होती, ते दिसलं होतं ना? पुढ्यातला मासा हुंगून सोडला, तो दिसला? पोट टम्म फुगलेलं? त्यावर म्हणे, 'पिल्लं असतील.' अरे, गोळ्या चालू होत्या ना? मग पिल्लं कुठून आली? दोन्ही थापा एकदम मारू नयेत, लेका. एक तरी निवड.

आता आत काय चाललंय ते ऐक. गर्भाशयात पू झालाय. पुवातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. ते आपलं-परकं बघत नाहीत. तिच्याच पेशींच्या पडद्यातली चरबी जाळतात. त्यातून मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं. अभ्यासक रक्तात तेच मोजून नासाडीचा अंदाज घेतात. (यावर काम कुत्र्यांत जास्त झालंय, मांजरीत कमी. तिथंही तिच्या वाट्याला उरलंसुरलंच.) शरीराकडं ग्लुटाथायोनसारखा बचाव असतो. मशीनिंग झालेल्या पार्टला गंज चढू नये म्हणून तुम्ही तेल लावता ना, तसा. तेल संपलं की काय होतं, हे तुला मी शिकवू? जंतूंचं विष मग रक्तात उतरतं, मूत्रपिंडं थकतात. तोंड बंद असेल तर गर्भाशय फुटतंसुद्धा. बरं, त्या संप्रेरकांनी स्तनांत गाठी धरतात ते वेगळंच.

'नसबंदी म्हणजे पाप' हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? चार-पाच महिन्यांची असतानाच ऑपरेशन केलं असतंस तर आज ही वेळ नव्हती. ते पाप, आणि पू होईपर्यंत गोळ्या चारणं हे पुण्य? खर्चाचं तर बोलूच नकोस. मोबाइलचा हप्ता कधी चुकवलास?

रजा टाक. सेकंड शिफ्ट तुझ्यावाचून अडत नाही. टोपलीत जुनं पोतं घाल, वरून जाळी बांध, लक्ष्मी टेकडीवरून हायवे धर. कोल्हापूर काही विलायत नाही, अर्ध्या-पाऊण तासात पोचशील. सोनोग्राफी करतील, आधी सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन तिला सावरतील, मग गर्भाशय आणि बीजकोश काढतील. घरचं अँटिबायोटिक देऊन 'बघू दोन दिवस' असलं काही करायचं नाही. येताना तिच्या त्या धाकट्या मादी पिल्लाच्या ऑपरेशनची तारीखही घेऊन ये.

अन् डॉक्टर विचारतील, 'आधी काही औषध दिलं होतं का?' तिथं मान हलवून 'नाही' म्हणशील, मी ओळखतो तुला. पाकीट खिशात घेऊन जा. किती गोळ्या, कधीपासून, शेवटची कधी, सगळं टेबलावर ठेव.