ते हसू खोटे होते का?



शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. अडचण आज्ञेची नसते, शेजाऱ्याची असते. काही माणसे आपल्याला आवडतच नाहीत. त्यांनी आपले काही वाकडे केलेले असते असेही नाही. त्यांचे बोलणे, हसणे, गायनमंडळात लावलेला वरचा सूर, काहीही खुपते. अशी व्यक्ती मिस्सेनंतर चर्चच्या आवारात समोर आली, तर मनात नसताना तिच्याशी हसून बोलणे हे प्रेम की ढोंग? “मी पोटात एक आणि ओठात एक ठेवणारा नाही” असे अभिमानाने सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

फ्रान्समधल्या लिझ्यू येथील कार्मेल मठात संत तेरेजाला हाच अनुभव आला. १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती मठात दाखल झाली. मठ बंदिस्त. प्रार्थना, काम, जेवण, विरंगुळा, सारे काही त्याच वीस-पंचवीस सिस्टरांबरोबर. एकत्र कुटुंबात नांदलेल्या भगिनींना हे अधिक समजावून सांगायला नको! त्यांतल्या एका सिस्टरचे वागणे, बोलणे, स्वभाव, सारेच तेरेजाला नकोसे वाटे. १८९७ च्या जून महिन्यात, क्षयाने खंगलेली असताना, मदर प्रायोरेससाठी लिहिलेल्या आठवणींत तिने हे मोकळेपणाने सांगितले आहे. त्या सिस्टरचे नाव मात्र दिलेले नाही.

तेरेजाने काय केले? ती सिस्टर भेटली की दर वेळी ती मनातल्या मनात तिच्यासाठी प्रार्थना करी. तिची कामे करून देई. उलट उत्तर जिभेवर आले की हसून विषय बदली. आणि अगदीच असह्य झाले की रणांगणातून शिपाई पळावा तशी तिथून चक्क पळ काढी. (संतांनाही पळावे लागते, हे वाचून मला तरी धीर येतो.) शेवटी त्या सिस्टरनेच एकदा तिला आनंदाने विचारले, की माझ्यात तुला एवढे काय आवडते? मी दिसले की तू नेहमी हसतेस! तेरेजाने उत्तर दिले, की तुम्हाला पाहून मला आनंद होतो म्हणून हसते. हा आनंद आध्यात्मिक अर्थाने आहे, हे मात्र तिने सांगितले नाही.

हे खोटे झाले का? मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूसही हसतो, पण पाठ फिरताच त्याची जीभ सुटते. शिवाय त्या हसण्यातून त्याला स्वतःसाठी काहीतरी हवे असते. तेरेजाचे प्रेम पाठीमागेही चालू होते, जिथे ते कोणालाच दिसत नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी शिकवले, की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. आवड आपल्या हातात नसते, इच्छा असते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू शत्रूवरील प्रीतीबद्दल बोलताना साध्या नमस्काराचा उल्लेख करतो, तो उगीच नव्हे. आपल्याच माणसांना नमस्कार केला तर त्यात विशेष ते काय, असे तो विचारतो. मिस्सेत शांतीची खूण देताना आपले जोडलेले हात कोणाकडे वळतात आणि कोणाला टाळून पुढे जातात, हे जरा आठवून पाहावे.

अर्थात, घरात मारहाण होत असेल किंवा कोणी लुबाडत असेल, तर हसून सोसत राहा असा याचा अर्थ नाही. आपण नावडीबद्दल बोलत आहोत, अन्यायाबद्दल नाही.

१९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेरेजाला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केले. पण पुढे ती सिस्टर तिला आवडू लागली, असा गोड शेवट तिने या प्रसंगाला जोडलेला नाही. आपला स्वभाव तेरेजाला आवडतो अशी त्या सिस्टरची अजूनही खात्री आहे, एवढेच ती लिहिते. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, ३० सप्टेंबर रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती प्रभूघरी गेली.