कपाटाचा खरा रंग कोणता?

रंगाच्या दुकानात हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर पडतो. ‘सनमायकावर रंग बसेल का हो?’ दुकानदार तोंड उघडायच्या आत, डबे न्यायला आलेला एखादा रंगारीच उत्तर देतो, ‘बसेल, पण पोपडे निघतील.’ विचारणाऱ्याच्या घरी बहुधा खोक्यातून आलेले, स्क्रू आवळून उभे केलेले कपाट असते. त्याचा सागवानी रंग आता डोळ्यांना नकोसा झालेला असतो. पण दारे सरळ असतात, बिजागऱ्या शाबूत असतात. टाकवत नाही आणि बघवतही नाही, अशी अवस्था.

रंगाऱ्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. असे कपाट सहसा प्रीलॅम बोर्डाचे असते. लाकडाचा भुसा आणि कपच्या रेझिनमध्ये कालवून, उष्णता व दाब देऊन पार्टिकल बोर्डाच्या फळ्या पाडतात आणि त्यांवर मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला छापील कागद दाबून बसवतात. त्या कागदावर सागाच्या रेषा छापलेल्या असतात. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला सागाचा रंग म्हणते, तो सागाचा फोटो असतो. मेलामाइन एकदा कडक झाले की त्याला छिद्रे उरत नाहीत. पाणी, तेल, चहाचा डाग यांना ते आत घेत नाही, तसेच रंगालाही घेत नाही. जो गुण सांगून कपाट विकले, तोच रंगवताना आडवा येतो.

इथवर विषय रंगाऱ्याचा झाला. पण दुकानातल्या त्या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरे प्रश्न दडलेले आहेत आणि ते दर्शनशास्त्राचे आहेत. कपाटाचा स्वतःचा असा रंग कोणता? सागवानी छाप झाकून त्यावर निळा रंग चढवला, तर खरे झाकले जाते की खोटे? आणि रंगवल्यावर समोर उभे राहते ते जुनेच कपाट की दुसरे?

यातल्या शेवटच्या प्रश्नावर भारतीय तर्कशास्त्रात शतकानुशतके वाद झडला. फक्त तिथे उदाहरण होते मडक्याचे. कच्चे मडके काळपट, भाजलेले तांबडे. मग आव्यात रंग पालटतो तो कोणाचा? वैशेषिकांचे मत असे, की अग्नीच्या संयोगाने मडके परमाणूंपर्यंत सुटे होते, परमाणूंचा जुना रंग जाऊन नवा येतो आणि त्याच परमाणूंचे नवे मडके घडते. हा पीलुपाक. नैयायिकांना हे मुळीच मान्य नव्हते. मडक्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून अग्नी आत शिरतो आणि अख्ख्या मडक्याचाच रंग बदलतो. आव्यातून बाहेर काढलेले मडके पाहून ‘हेच ते’ अशी ओळख पटते, ती ओळख खोटी का मानायची, असा त्यांचा सवाल. हा पिठरपाक.

प्रीलॅमचे कपाट या वादात आणून उभे केले तर दोन्ही पक्षांची पंचाईत होते. त्याला छिद्रेच नाहीत. रंग आत जात नाही, त्यामुळे आतले काही पालटतही नाही. मात्र न्याय-वैशेषिकांनीच करून ठेवलेला दुसरा एक भेद इथे नेमका लागू पडतो. मडक्याचा तांबडेपणा मडक्यात समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहतो. तो खरवडून वेगळा काढता येत नाही. कपाटावर दिलेला रंग हे मुळात वेगळे द्रव्य. निळेपणा त्या थराचा, आणि थर व फळी यांचे नाते नुसते संयोगाचे. जिथे संयोग आहे तिथे विभागही संभवतो. रंगारी ‘पोपडे निघतील’ म्हणतो, तेव्हा तो हाच सिद्धान्त आपल्या भाषेत सांगत असतो.

म्हणून घरी कपाट रंगवण्याची सगळी कारागिरी हा संयोग टिकाऊ करण्यात आहे. आधी कपाट धुऊन घ्यायचे, कारण स्वयंपाकघराजवळच्या दारांवर तेलाचा न दिसणारा पापुद्रा असतोच, आणि हाताळण्याच्या जागी तो सर्वांत जाड असतो. मग 180 किंवा 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. चकाकी गेली आणि बोटाला किंचित खरखर लागली, की थांबायचे. जोर लावला तर छापील कागद फाटतो आणि खालचा भुसा उघडा पडतो. धूळ ओल्या फडक्याने टिपून, फळी सुकली की प्रायमर. इथे भिंतीचा प्रायमर चालत नाही, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणाराच लागतो. खात्री करायची तर दाराच्या मागच्या बाजूला वीतभर जागेत प्रायमर मारून तो पुरता वाळू द्यावा, ब्लेडने त्यावर आडव्याउभ्या बारीक रेघा ओढाव्यात, चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीला चौकटी चिकटून आल्या तर घासणे कमी पडले. कोरी आली तर पुढे जायला हरकत नाही.

असे घट्ट धरणाऱ्या प्रायमरांतला एक प्रकार लाखेचा असतो. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतात. झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलभागात त्यावर अनेक कुटुंबांचा संसार चालतो. ती लाख शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवली, की मेलामाइनसारख्या हट्टी पृष्ठभागालाही ती चिकटून बसते. महाभारतातल्या वारणावताच्या लाक्षागृहात हीच लाख होती. तिथे ती राजवाड्याच्या देखण्या रूपाआड पेट घेण्यासाठी लपवली होती. इथे ती दोन थरांना जोडते. लाख तीच. तिच्या आडून काय भासवले जाते, तेवढा फरक.

‘भासवणे’ हाच मुद्दा इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने 1849 साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या पुस्तकात लावून धरला. वास्तुकलेतल्या फसवणुकीचे त्याने तीन प्रकार सांगितले. त्यातला एक म्हणजे, एका पदार्थावर दुसऱ्या पदार्थाचा भास होईल असे रंगकाम करणे. लाकडाला संगमरवरी नक्षी रंगवून संगमरवर म्हणून मिरवणे. रस्किन या बाबतीत कमालीचा कडक होता. पण विटांवर गिलावा आणि गिलाव्यावर भित्तिचित्र त्याला बिनदिक्कत मान्य होते, कारण भित्तिचित्र पाहून कोणी वीट विसरत नाही. इमारतीवरचा सोनेरी मुलामाही त्याला खुपत नाही, कारण आख्खा कळस सोन्याचा असेल असे कोणी मानत नाही. तोच मुलामा दागिन्यावर असला तर ती फसवणूक, कारण तिथे सोनेच अपेक्षित असते. थर असणे हा गुन्हा नाही. थराने दुसऱ्याचे नाव सांगणे हा गुन्हा.

या मापाने मोजले तर निकाल उलटाच लागतो. खोटे बोलत होती ती सागाची छाप. निळा रंग साग असल्याचे सांगत नाही, शिसव असल्याचे सांगत नाही. तो निळा असल्याचेच सांगतो. कपाट रंगवणारा माणूस अस्सल झाकत नसतो, त्यावरचा एक दावा मागे घेत असतो.

यावर मराठी मन अडखळते. वरच्या रंगाला भुलू नये, हे चोखोबांच्या उसाच्या अभंगामुळे आपल्याकडे लहानपणीच पाठ होते. पण त्या अभंगाकडे नीट पाहिले तर दोष रंगाला दिलेला नाही, भुलणाऱ्याला दिलेला आहे. ज्यांना जन्माच्या जातीवरून देवळाच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्या चोखोबांना वरवर पाहून निवाडा करणारी नजर काय करते, हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचा वार त्या नजरेवर आहे. त्याचा आधार घेऊन रंगकामालाच ढोंग ठरवणे म्हणजे अभंगाची धारच बोथट करणे.

देवांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने थरांचे सत्य केव्हाच स्वीकारले आहे. गावोगावचे मारुती शेंदराच्या थराखाली आहेत. मूळ दगड कसा आहे, हे पुष्कळ ठिकाणी गावातल्या म्हाताऱ्यांनीही पाहिलेले नसते. वणीच्या सप्तशृंगी गडावर 2022 साली सुमारे दीड महिना मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून देवीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप उतरवण्यात आला. शेकडो किलो शेंदूर निघाला आणि अठरा भुजांची मूर्ती पुन्हा स्पष्ट दिसू लागली. नवरात्रात लोकांनी ते रूप डोळे भरून पाहिले. पण पिढ्यान्‌पिढ्या शेंदरी रूपापुढे जोडलेले हात त्यामुळे वाया गेले, असे कोणी म्हणाले नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर झीज थांबवण्यासाठी वेळोवेळी वज्रलेप केला जातो, तो वेगळ्या जातीचा थर: दिसू नये आणि टिकवावे, एवढेच त्याचे काम. जीर्णोद्धाराच्या विधीत तर दुरुस्तीला हात लावण्याआधी देवतेचे तेज कलशात काढून घेतात आणि काम संपले की परत मूर्तीत आणतात. दगड, लेप आणि देवत्व यांचा हिशोब परंपरेने वेगवेगळा ठेवला आहे. त्यांची गल्लत केली, की ‘खरे रूप कोणते’ हा प्रश्न सुटण्याऐवजी भांडणाचा होतो.

कपाटात देवत्व नाही, पण ममत्व आहे, आणि तेही तपासून घ्यायला हवे. स्वीडनच्या आयकिया या फर्निचर कंपनीत 1956 साली गिलिस लुंडग्रेन यांनी एका टेबलाचे पाय काढून ते मोटारीत बसवले आणि सुटे भाग घरी नेऊन जोडायची पद्धत जगभर पसरली. फळ्यांचे कपाट करायचे शेवटचे काम अशा रीतीने मालकाच्या हाती आले. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिएली यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी स्वतः जोडलेल्या खोक्याची किंमत इतरांपेक्षा जास्त लावली. मात्र काम अर्धवट राहिले किंवा जोडलेले पुन्हा सुटे केले, तेव्हा ही ओढ दिसली नाही. रंगवलेल्या कपाटाचे वर्तन असेच असते. तडीस नेले तर ते घरचे होते, नाही तर अडगळीत पडते.

या ममत्वाला दोन तोंडे आहेत. जैन परंपरेतल्या अपरिग्रहाच्या, म्हणजे गरजेबाहेर न साठवण्याच्या, कसोटीवर जुने रंगवून वापरणे नवे घेण्यापेक्षा निश्चित उजवे, विशेषतः पार्टिकल बोर्डासारख्या वस्तूबाबत, कारण ती मोडली तर भंगारवालाही घेत नाही. पण दर दिवाळीला मनात नवा रंग भरला म्हणून कपाट बदलत राहणे हाही परिग्रहच. तिथे वस्तूंऐवजी रूपे साठवली जातात.

तेव्हा निवाडा असा. फळीचा गाभा कोरडा असेल, बिजागरीचे स्क्रू घट्ट धरत असतील, तर कपाट खुशाल रंगवावे. प्रायमरनंतर रोलरने रंगाचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. हाताला कोरडा लागला तरी रंग पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर आत पुस्तके रचू नयेत, ती चिकटतात. पाणी लागून कडा फुगल्या असतील तर रंगाच्या नादी लागू नये. फुगलेला बोर्ड परत बसत नाही. आणि पुढे कधी ते कपाट कोणाला विकायचे किंवा द्यायचे झाले, तर आत पार्टिकल बोर्ड आहे आणि वरचा रंग घरी दिलेला आहे, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.