खिडकी कोणाची?

खिडकी ही वस्तू घरात मोडते की घराबाहेर, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. तिचं लाकूड आपलं, पण तिच्यातून दिसतं ते सगळं दुसऱ्याचं. घरपट्टी आपण भरायची आणि आपलं भांडण फुकटात शेजाऱ्यांनी ऐकायचं. असल्या संशयास्पद वस्तूवरून आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात जे रण माजलं, त्याची ही हकिगत.

आमचं घर परभणीच्या जुन्या वस्तीतलं. पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर माळवद आणि रस्त्याच्या अंगाला सागवानी चौकटीची, लोखंडी गजांची एकुलती एक खिडकी. आजोबांनी ती बसवली तेव्हा परभणीवर निजामाचं राज्य होतं. 1948 साली राज्य गेलं, खिडकी राहिली. तिच्या दोन झडपांपैकी डावी उन्हाळ्यात आकसते म्हणून लागत नाही आणि उजवी पावसाळ्यात फुगते म्हणून उघडत नाही. मे महिन्यात वावटळ उठली, की जिल्ह्यातली निम्मी काळी माती आमच्या खिडकीतून आत येते आणि भाताच्या पातेल्यापर्यंत जाते. परभणीला समुद्र नाही. पण वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो, तो पाहिल्यावर समुद्राची उणीव कुणाला भासत नाही.

आमचे चिरंजीव पुण्याला असतात. सुट्टीवर आले, की पहिले दोन दिवस आईच्या हातचं खातात आणि तिसऱ्या दिवसापासून घर सुधारायला घेतात. या खेपेला त्यांनी खिडकीवर बोट ठेवलं. "बाबा, ही काढून टाकू. यूपीव्हीसीची सरकती खिडकी बसवू. धूळ नाही, आवाज नाही."

दुसऱ्या दिवशी एक विक्रेता नमुने घेऊन हजरही झाला. छातीवर टाय, हातात टेप. "साहेब, जर्मन टेक्नॉलॉजी आहे!" तो म्हणाला. परभणीच्या माणसापुढे जर्मनीचं नाव काढणं म्हणजे जावयापुढे सासुरवाडीचं नाव काढण्यासारखं आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही पाळण्यात ऐकलेलं असतं. त्याचा अर्थ काय, यावर दोन परभणीकरांचं एकमत मी पाहिलेलं नाही, पण अभिमानाला अर्थ लागतोच असं नाही. या खिडक्या 1950च्या दशकात जर्मनीत निघाल्या, हे मात्र खरं. म्हणजे जर्मनीला परभणी गाठायला सत्तर वर्षं लागली.

तरीही मी बधलो नाही. 'जुनं ते सोनं' या विषयावर मी जेवणाच्या ताटावर जे भाषण केलं, तसं भाषण नोकरीत असताना निरोप समारंभातही मला जमलं नव्हतं. "लाकूड म्हणजे काय समजलास? तुझ्या त्या ॲल्युमिनियममधून लाकडाच्या हजारपटीनं उष्णता वाहते!" (तो ॲल्युमिनियमबद्दल बोलतच नव्हता. पण वादात समोरचा काय म्हणतो, हे ऐकत बसलं तर मुद्दे वाया जातात.) शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. "आणि तुझी आजी? बासष्ट सालापासून ती या खिडकीशी बसून रस्ता बघते. तिचं जग आहे ते. ते तू उपटून फेकणार?"

चिरंजीव गप्प झाले. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होती. ती काही बोलली नाही. मी ते अनुमोदन समजलो.

तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "हेच सगळं तुम्ही दिवेआगरला लिहिलं होतं."

आता मला गप्प बसणं भाग होतं.

माझी धाकटी बहीण दिवेआगरला दिली आहे. घर कौलारू, मागे नारळ-सुपारीची वाडी, आणि खिडक्या आमच्याइतक्याच जुन्या. खाऱ्या हवेनं बिजागऱ्या खाल्लेल्या, चौकटींना वाळवी. त्या बदलाव्यात म्हणून ती दहा वर्षं घायकुतीला आली होती. पण घर वडिलोपार्जित, आणि मुंबईच्या दोन दिरांची त्यात वाटणी. ते गणपतीला आठ दिवस यायचे, त्या खिडकीत बसून फोटो काढायचे आणि "वहिनी, या खिडकीला हात लावायचा नाही हं!" असं गहिवरून सांगून परत जायचे. उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस वहिनी त्या खिडकीला चिंध्या कोंबायची. तिनं माझा सल्ला विचारला. मी तीन पानी पत्र पाठवून दिरांची बाजू घेतली. पत्र सुरेख होतं. मला स्वतःला ते फार आवडलं होतं.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आदल्या रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, खिडक्यांवर फळ्या ठोकू का?" मी म्हटलं, "कशाला? दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या ठेव. वाऱ्याला वाट दिली, की वारा निघून जातो." हे वाक्य ऐकायला एखाद्या संताचं वाटतं. पण ते साफ चूक आहे. वारा आत शिरला की तो पाहुण्यासारखा लगेच निघत नाही. घराच्या आतून छपराला वर रेटतो, आणि बाहेरचा वारा तेच छप्पर वरून ओढत असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. ताशी 120 किलोमीटरचा वारा चौरस मीटरभर खिडकीवर जवळजवळ 70 किलोचा रेटा देतो. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस झडपेला सतत खांदा लावून उभा. वाळवी लागलेली चौकट तो किती वेळ सोसणार?

बहीण शहाणी. तिनं माझं न ऐकता सगळं बंद केलं, हाताला लागल्या त्या फळ्या ठोकल्या. पण भर दुपारी फोटोतली ती खिडकी चौकटीसकट आत आली, आणि मग कौलं पत्त्यांसारखी उडाली. ती, मेहुणे आणि पोरं माजघरातल्या पलंगाखाली होती. माणसं वाचली. वाडी आडवी झाली. चार दिवसांनी तिचा आवाज ऐकायला मिळाला. पत्राबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं तिनं कुणाला न विचारता खिडक्या बदलल्या, जाड फळ्यांचे संच करवले, त्यांवर नंबर टाकले. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सगळ्या फळ्या तासाभरात जागेवर बसल्या होत्या. दीर म्हणाले, "घराची शोभा गेली." हे ते मुंबईहून म्हणाले.

त्या रात्री मला झोप आली नाही. जुनं ठेवावं की नवं आणावं, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ विचार केलेला आहे. पण ठेवण्याचा खर्च कोण सोसतो, हे विचारायचं बहुधा राहून जातं. गहिवर दिरांचा, चिंध्या वहिनीच्या. आणि आमच्या घरात? भावना माझी, आणि खिडकीखालची धूळ रोज दोनदा झाडणार आमची ही. किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993 साली, आम्ही सगळे अंगणात झोपायचो, कारण ज्या जाड भिंतींचं कौतुक करत वाढलो, तसल्याच भिंतींखाली तिकडे हजारो माणसं गेली होती. तेव्हा भिंतींवर भाषण करायचं मला सुचलं नव्हतं. अंगावर पडणार असेल तर माणूस लगेच व्यवहारी होतो. दुसऱ्याच्या अंगावर पडणार असेल तर त्याला परंपरा आठवते.

सकाळी मी सुतारमिस्त्रीला बोलावलं. वीस वर्षांपासून आमची दारं-खिडक्या तोच बघतो. त्यानं चौकटीवर टिचकी मारली, झडप हलवली, आणि माझ्याकडे किंवा चिरंजीवांकडे न बघता सरळ आईला विचारलं, "आजी, तुम्हाला कशी पाहिजे हो खिडकी? इथं बसायलेत तर तुम्हीच."

आईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "मला विचारायलास? या घरात आल्यापासून मला खिडकीचं विचारणारा तू पहिलाच."

मग ती म्हणाली, "ही खिडकी मला कधीच आवडली नाही. मामंजींनी ती मुद्दाम उंचावर बसवली. घरातल्या बायका रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून. टाचा उंच केल्या तर बाहेरचं दिसायचं. आता टाचा होत नाहीत."

"मग तू दिवसभर बघतेस काय?" मी विचारलं.

"बस की इथं," ती म्हणाली.

तिला धरून उठवली आणि मी तिच्या खुर्चीत बसलो. गजांतून विजेचा खांब दिसत होता. त्याच्यावर एक कावळा होता. थोड्या वेळानं तो उडाला. मग नुसता खांब.

शाळेत जाताना मी कोपऱ्यावरून मागं वळून पाहायचो, तेव्हा खिडकीत आईचा चेहरा असायचा. ती तिथं कशी उभी असेल, हे मला पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं.

मिस्त्रीनं खिडकीखालची भिंत हातभर उतरवली. चौकट नवी झाली, काच आली, झडपा हलक्या आल्या, कडी आईच्या बोटांना झेपेल अशी. जर्मनीचा माणूस नाराज झाला, चिरंजीव निम्मे खूश झाले. जुन्या सागवानाचा मिस्त्रीनं आईला पाय ठेवायला पाट करून दिला. आजोबांची खिडकी आता तिच्या पायांखाली आहे. यावर ती काही बोलत नाही, पण पाय अगदी ऐसपैस ठेवते.

परवा भाजी आणायला निघालो आणि कोपऱ्यापर्यंत पोचलो, तोच मागून भर रस्त्यात हाक आली, "अरे ए! सदरा उलटा घातलायस!"

सगळी गल्ली हसली. मी वळून पाहिलं. आई खुर्चीत बसूनच ओरडत होती.