शहाण्णव तासांपुढचा मासा

नवी मुंबईतल्या पावण्याच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात मासा हे एक मोजमाप आहे. सांडपाण्याच्या देशभर लागू असलेल्या निकषांमध्ये जैवचाचणी येते. प्रक्रिया केलेल्या पाण्यात काहीही न मिसळता मासे सोडायचे आणि 96 तासांनी त्यातले 90 टक्के जिवंत असायला हवेत. ठाणे खाडीच्या दृष्टीने हा निकष मोलाचाच. पण माशाला त्यात एकच प्रश्न विचारलेला असतो : मेलास का?

कोंडलेल्या माशाबद्दल आपण सगळेच फार काळ एवढंच विचारत आलो. 1951 मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. तिथे काचेला नाक लावणाऱ्या पिढ्यांना मासा दिसला की पुरे होतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव ‘प्राणी’ ठरवला, म्हणजे मासाही आला. पण बैलाच्या पाठीवरचा वळ रस्त्यावर दिसतो. माशाचं तसं काही दिसत नाही.

‘जगतोय ना’ हा निकष किती फसवा आहे, ते फायटर मासा दाखवतो. तो पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून वाटीएवढ्या बाऊलमध्येही तग धरतो. त्याच्या या चिवटपणाचा अर्थ आपण ‘त्याला चालतं’ असा लावला.

हा समज शास्त्रात हलला तो 2003 च्या सुमारास. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत सौम्य आम्ल टोचलं, तर त्या माशांनी खाणं टाळलं आणि तळाच्या खडीवर ओठ घासले. वाद आजही मिटलेला नाही, पण ‘माशाला काय कळतंय’ हे बेफिकिरीने म्हणणं अवघड झालं. 2006 मध्ये किहस्लिंगर आणि नेविट यांनी त्याच जातीच्या, समुद्रात जाणाऱ्या ट्राउटची पिल्लं वाढवली. टाकीत काही दगड ठेवले तेवढ्याने पिल्लांच्या मेंदूतला अनुमस्तिष्क हा भाग मोठा झाला. मला हा प्रयोग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो, कारण याचा दुसरा अर्थ असा की मोकळी, चकचकीत टाकी मेंदू खुरटवते. खाडीतली निवटी चिखलात बीळ करून राहते, हे इथल्या आगरी-कोळ्यांना कुणी सांगावं लागलं नाही. टाकी बनवणाऱ्यांनी मात्र आडोशाचा विचार शेवटी केला.

अर्थात, प्लास्टिकचा किल्ला टाकला की झालं, असंही नाही. तो बहुधा आपल्याच डोळ्यांसाठी असतो. कळपाने राहणाऱ्या झेब्राफिशला आधी सोबत हवी. काही जाती तर आडोशावरूनच भांडतात, आणि सांदीत साचलेली घाण पाणी बिघडवते.

जैवचाचणीतही हीच अडचण आहे. त्या 96 तासांत खडी ठेवता येणार नाही, ती विषारी द्रव्यं धरून ठेवील. पण चाचणीआधी मासे काही दिवस साठवणीच्या टाकीत असतात. तिथे आक्षेप उरतो तो सफाईचा, आणि प्रयोगशाळेतल्या माणसाचं ते म्हणणं रास्त आहे. 2014 मध्ये स्नेडन यांचाच सहभाग असलेल्या अभ्यासात झेब्राफिशनी खडीचा तळ पसंत केला, आणि खडीचं नुसतं चित्रही. चित्र काचेच्या बाहेरून, तळाखाली चिकटवता येतं. ते धुवावं लागत नाही.